एक्मो, व्हेंटिलेटर की पालथं घालणं: सोलापुरातल्या रुग्णाचा पैसा कुठे वसूल होतो

सोलापुरात कुठल्याही आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक शब्द हमखास येऊन पोचतो: एक्मो, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत आत सोडणारं मशीन. कोणाचा साडू पुण्यात असतो, कोणाचा भाचा हैदराबादला नोकरीला असतो, आणि फोनवरून सांगणं येतं, ‘इकडे हलवा, इथं ते मशीन आहे.’ मशीन आहे हे खरं. त्याने जीव वाचतात हेही खरं. पण लाख रुपयांमागे किती वाचतात, आणि तोच पैसा त्याआधीच्या पायरीवर नीट खर्च झाला तर किती वाचतात, हा हिशेब बाकड्यावर कोणी मांडत नाही. म्हणून इथे चार सेवा तपासायला घेतल्या आहेत: हाय-फ्लो ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, पालथं घालणं (म्हणजे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पोटावर झोपवणं) आणि एक्मो. निकाल आधीच सांगतो. चौघांत जी जवळजवळ फुकट आहे तीच सगळ्यात जास्त वसूल होते, आणि नेमकी तिचीच कोणी चौकशी करत नाही.

आजाराबद्दल चार ओळी. न्यूमोनिया, स्वाइन फ्लू, रक्तात पसरलेलं इन्फेक्शन, स्वादुपिंडाची सूज, बेशुद्धीत उलटी श्वासनळीत जाणं, कारण काहीही असो, वायुकोशांत पाणी भरतं आणि हलकं फुप्फुस भिजलेल्या टॉवेलासारखं जड होतं. याला एआरडीएस म्हणतात. किती गंभीर ते ठरतं एबीजीच्या, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवरून: धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब भागिले आपण देत असलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण. रिपोर्टात ६२ आलं आणि ८० टक्के ऑक्सिजन चालू असेल, तर ६२ भागिले ०.८, म्हणजे ७७.५. हा झाला पीएफ रेशो. ३०० च्या खाली सौम्य, २०० च्या खाली मध्यम, १०० च्या खाली गंभीर. नातेवाइकांना बाहेर येऊन ‘सॅच्युरेशन ९२ आहे’ एवढंच सांगितलं जातं. ते ९२ किती टक्के ऑक्सिजनवर आहे हे कळल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

हाय-फ्लो म्हणजे नाकातल्या जाड नळ्यांतून मिनिटाला ३० ते ६० लिटर गरम, ओलसर हवा-ऑक्सिजन. रुग्ण बोलू शकतो, पाणी पिऊ शकतो, श्वासनळीत नळी टाकावी लागत नाही. चांगली सेवा, पण ऑक्सिजन पिते. ५० लिटरचा फ्लो आणि १०० टक्के ऑक्सिजन असेल तर ७,००० लिटरचा डी टाइप जम्बो सिलिंडर २ तास २० मिनिटांत रिकामा. त्याच फ्लोला ६० टक्के ठेवलं तर मिनिटाला साधारण २५ लिटर लागतो आणि तोच सिलिंडर पावणेपाच तास जातो. म्हणजे ज्या छोट्या हॉस्पिटलात लिक्विडची टाकी नाही, फक्त सिलिंडरची मॅनिफोल्ड (एकत्र जोडलेल्या सिलिंडरची रांग) आहे, तिथे दोन-तीन रुग्ण हाय-फ्लोवर असले की रात्री सिलिंडर बदलणारा मामा हाच खरा इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूचा तज्ज्ञ.

या सेवेत घात होतो तो उशिराने. मॉनिटर ९२ दाखवत राहतो, सगळे निश्चिंत, आणि रुग्ण मिनिटाला ३८ श्वास घेत दमत चाललेला. याला ताळा आहे, रॉक्स इंडेक्स: सॅच्युरेशन भागिले ऑक्सिजनचं प्रमाण, त्याला भागिले श्वासांची संख्या. ९२ भागिले ०.६ म्हणजे १५३. भागिले ३८ म्हणजे ४.०. चार्टवर २, ६ आणि १२ तासांनी हा आकडा लिहिलेला हवा. ४.८८ किंवा जास्त असेल तर चालू ठेवा. १२ तासांनी ३.८५ च्या खाली असेल तर नळी टाकायची वेळ झाली. मधला आकडा असेल तर तासाभराने पुन्हा मोजायचं आणि उतरतोय का पाहायचं. ह्युमिडिफायरमध्ये स्टेराइल पाणीच हवं. बोअरचं पाणी घातलं तर चेंबरच्या तळाला क्षार बसतात. पाचपैकी साडेतीन तारे, श्वास मोजणारी सिस्टर असेल तर चार.

व्हेंटिलेटरकडे येऊ. लोक कंपनी विचारतात, इंपोर्टेड आहे का विचारतात. विचारायचं दुसरंच असतं: रुग्णाची उंची टेपने मोजली का?

फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, पोटाच्या घेरावर नाही. २००० साली अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कने ८६१ रुग्णांवर हे तपासलं. एका गटाला, उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटरचा श्वास, दुसऱ्याला ६ चा. मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ वर आले, म्हणजे साधारण ११-१२ रुग्णांमागे एक जीव जादा वाचला. खर्च: शिंप्याची टेप. पुरुषाचं अपेक्षित वजन काढायचं ते असं: उंचीतून १५२.४ वजा, गुणिले ०.९१, अधिक ५०. बाईसाठी ५० च्या जागी ४५.५. १६५ सेंटिमीटरच्या पुरुषाला ६१.५ किलो, म्हणजे ३७० मिलिलिटरचा श्वास. तोच माणूस काट्यावर ८५ किलो भरला आणि कोणी त्या वजनावर हिशेब केला, तर श्वास जातो ५१० चा. १५० सेंटिमीटरच्या बाईला फक्त २६० पुरतो. आणि व्हेंटिलेटर सुरू करताना सवयीने सगळ्यांना ४५० किंवा ५०० लावून ठेवण्याची पद्धत अजून गेलेली नाही. दुखऱ्या फुप्फुसाला रोज वीस-तीस हजार वेळा जादा ताणलं की मशीनच आजार वाढवतं.

दुसरा आकडा प्लॅटो प्रेशरचा. श्वास आत गेल्यावर अर्धा सेकंद थांबवून जो दाब दिसतो तो ३० च्या आत हवा. त्यातून पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) वजा केलं की उरतं ते ड्रायव्हिंग प्रेशर, ते १५ च्या आत. ही बटणं साध्यातल्या साध्या आयसीयू व्हेंटिलेटरवर असतात.

यंत्राच्या बाजूने बिघडतं ते बहुतेक छोटंच. ऑक्सिजन सेल साधारण वर्षभर टिकतो. संपत आला की पडद्यावर ६० टक्के दिसतं आणि आत वेगळंच जातं. सर्किटमध्ये पाणी साचून नळी गुडगुडते आणि मशीनला वाटतं रुग्णच श्वास घेतोय. फिल्टर ओला होऊन जड होतो, दाब वाढतो, आणि सगळे फुप्फुसाला दोष देतात. भिंतीतून येणारा ऑक्सिजन साडेतीन-चार बारने हवा. वॉर्डात एकदम मागणी वाढली की दाब पडतो आणि एकाच वेळी तीन मशीनं ओरडू लागतात. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या पीएसए प्लांटचा ऑक्सिजन ९३ टक्क्यांच्या आसपास असतो, टाकीतल्या लिक्विडचा ९९ च्या वर. म्हणून प्लांटवर चालणाऱ्या वॉर्डात ‘१०० टक्के’ म्हणजे खरोखरचे १०० नसतात. मे महिन्यात पारा ४४ वर असताना एसी बंद पडला तर बॅटरीही लवकर मान टाकते. वार्षिक देखभालीचा करार आहे का आणि शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, हे यंत्राला चिकटवलेल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता ती जवळजवळ फुकटची सेवा. फ्रान्स आणि स्पेनमधल्या आयसीयूंत ४६६ रुग्णांवर झालेली प्रोसेव्हा चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. पीएफ १५० च्या खाली असलेल्या, नळीवरच्या रुग्णांना रोज किमान १६ तास पालथं ठेवलं. २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ वर. सहा रुग्णांमागे एक जीव. सरासरी चार वेळा पालथं घालावं लागलं, बस्स. आणि तरी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ५० देशांतल्या पाहणीत गंभीर एआरडीएस असलेल्यांपैकी जेमतेम १६ टक्क्यांना पालथं घातलेलं आढळलं. कारण ते विकत घेता येत नाही, करावं लागतं.

पाच माणसं लागतात. डोक्याशी एक, तो फक्त नळी धरतो आणि आकडे मोजतो. बाकी कोणी बोलायचं नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन. तासभर आधी नाकातल्या नळीचं फीड बंद, पोट रिकामं करून घ्यायचं. डोळ्यांत मलम, वर टेप. श्वासनळीतली ट्यूब ओठाशी किती सेंटिमीटरवर आहे ते मोठ्याने वाचायचं, समजा २२, आणि उलटवल्यावर पुन्हा वाचायचं. सक्शन करून १०० टक्के ऑक्सिजन. ईसीजीचे चिकटे छातीवरून काढून पाठीवर. मग रुग्णाला व्हेंटिलेटरच्या विरुद्ध कडेला सरकवायचं, खालचा हात अंगाखाली दाबून ठेवायचा, आधी कुशीवर, तिथे थांबून सगळ्या नळ्या पाहायच्या, मग पालथं. एक गुंडाळी छातीखाली, एक ओटीपोटाखाली, मधे पोट मोकळं. मान एका बाजूला, त्या बाजूचा हात वर, दुसरा खाली, पोहताना असतात तसे. पलंग डोक्याकडून दहा-पंधरा अंश वर. दर दोन तासांनी मानेची बाजू बदलायची.

गुंडाळीसाठी महागडे जेल पॅड मिळतात. सोलापुरात त्यांची गरज नाही. जाड सुती सोलापुरी चादर तिहेरी घडी करून घट्ट गुंडाळली आणि दोन ठिकाणी पट्टीने बांधली की फोमच्या स्वस्त उशीसारखी वजनाखाली बसत नाही. एकच काळजी: तिची उठावाची वीण सोळा तासांत कातडीवर उमटते, म्हणून वरून मऊ पलंगपोस घालायचाच. चेहऱ्याखाली टेरी टॉवेलची गुंडाळी, पण अशी की डोळ्यावर दाब येणार नाही आणि ट्यूब मुडपणार नाही. कपाळ, गाल, हनुवटी, छाती आणि गुडघे, फोड येतात ते इथेच. वेळ दुपारी चारची बरी: माणसं भरपूर असतात, रुग्ण रात्रभर पालथा राहतो, सकाळी साडेआठला उताणा केला की अंग पुसणं, ड्रेसिंग, राउंड सगळं दिवसा होतं.

‘दोन तास घातलं होतं, फरक नाही पडला’ हे उत्तर ऐकायला मिळतं. दोन तास म्हणजे पालथं घालणं नव्हे. मणक्याला अस्थिर इजा किंवा मेंदूतला दाब वाढलेला असेल तर घालू नये हे मान्य; पण ‘स्टाफ कमी आहे’ हे वैद्यकीय कारण नाही, ते व्यवस्थापनाचं आहे, आणि आयसीयूचं दिवसाचं भाडं त्याच स्टाफसाठी घेतलेलं असतं. वैशंपायन स्मृती महाविद्यालयाला जोडलेल्या सिव्हिलसारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयात रेसिडेंट डॉक्टर असतात, पाच जोड्या हात तिथे जमवणं सोपं. छोट्या खासगी आयसीयूत रात्री एक डॉक्टर आणि दोन सिस्टर असतील तर प्रश्न पडतो. म्हणून भरती करतानाच विचारा, रात्री पालथं घालायला किती जण असतात? या सेवेला पाचपैकी पाच.

मग एक्मो कोणासाठी? वरचं सगळं मन लावून करूनही जो बुडतोय त्याच्यासाठी. मांडीतल्या मोठ्या शिरेत २३ ते २९ फ्रेंच मापाची नळी घालून काळपट रक्त बाहेर घेतात, पंप ते मेम्ब्रेनमधून फिरवतो, तिथे ऑक्सिजन मिसळतो आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि लाल झालेलं रक्त मानेतल्या शिरेतून परत आत जातं. फुप्फुसाला विश्रांती मिळते, इलाज मिळत नाही. बरं व्हायचं काम फुप्फुसालाच करावं लागतं.

पुरावा दोन चाचण्यांचा. ब्रिटनमधली सीझर चाचणी, २००९: १८० रुग्ण, सहा महिन्यांनी गंभीर अपंगत्वाशिवाय जिवंत असलेले ६३ टक्के विरुद्ध ४७ टक्के. निरोगी आयुष्याच्या प्रत्येक जादा वर्षामागे खर्च १९,२५२ पौंड. तिथली आरोग्ययंत्रणा तेव्हा २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा खर्च वाजवी धरत असे, म्हणून निष्कर्ष निघाला: परवडतं. पण बारीक अक्षरं वाचा. ज्यांना लेस्टरच्या एक्मो सेंटरला पाठवायचं ठरलं त्या ९० पैकी ६८ जणांनाच एक्मो लागलं. बाकीच्यांपैकी बरेच जण तिथल्या नीट व्हेंटिलेशनवरच सावरले. शिवाय तुलनेच्या गटात छोट्या श्वासाचा नियम सगळ्यांनी पाळलेला नव्हता. म्हणजे त्या चाचणीत मशीनची परीक्षा कमी आणि अनुभवी सेंटरची जास्त झाली. आमच्या मते एक्मोच्या खर्चाबद्दल बोलताना सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच.

दुसरी, इओलिया, २०१८: २४९ रुग्ण, ६० दिवसांतले मृत्यू ३५ टक्के विरुद्ध ४६. फरक मोठा, पण संख्याशास्त्राच्या उंबरठ्याच्या जरा अलीकडे राहिला. तुलनेच्या गटातल्या २८ टक्क्यांना शेवटी एक्मो द्यावंच लागलं, तरी त्यातले ५७ टक्के गेले. त्या गटातल्या ९० टक्क्यांना पालथं घातलेलं होतं हे लक्षात ठेवा. दोन्ही चाचण्या एकत्र मांडल्या तर साधारण आठ रुग्णांमागे एक जीव जादा वाचतो, आणि तोही बाकी सगळं नीट झाल्यावर.

आता रुपयांत. पौंडाला रुपयाने गुणून चालत नाही; आपल्याकडे माणसांची मजुरी स्वस्त, पण मेम्ब्रेन, पंपहेड, कॅन्युला (शिरेत घालायच्या नळ्या) बहुतेक बाहेरून येतात. बिल दोन भागांत येतं: बसवतानाचा एकरकमी आणि मग रोजचा. पद्धत कळावी म्हणून मानीव आकडे घेऊ. एकरकमी ५ लाख, रोज ६० हजार. दहा दिवसांत ११ लाख. तीन आठवडे लांबलं आणि मेम्ब्रेन बदलायला २ लाख लागले तर १९ लाख ६० हजार. आठ रुग्णांमागे एक जीव, म्हणजे दहा दिवसांच्या हिशेबानेही एका जादा जिवामागे ८८ लाख. पालथं घालण्याचा जादा खर्च एका खेपेला २,००० धरा, चार खेपा, सहा रुग्ण: ४८ हजार. आकडे तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला, गुणोत्तर फारसं बदलणार नाही. भारतात अशा हिशेबात दरडोई उत्पन्नाएवढा खर्च एका निरोगी वर्षामागे वाजवी धरण्याची पद्धत आहे, म्हणजे दोन लाखांच्या पुढेमागे. तीस वर्षांचा रुग्ण वाचून पुढे चाळीस वर्षं जगला तर एक्मो त्या मोजमापाच्या जवळपास बसतं. सत्तरीतल्या, किडनीही गेलेल्या रुग्णाला नाही बसत. हे बोलायला कठोर वाटतं, पण शेत विकायच्या आधी ऐकलेलं बरं.

मग सोलापुरातच एखाद्या हॉस्पिटलने मशीन घ्यावं का? आमचं उत्तर नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०१४ च्या शिफारशीनुसार सेंटरने वर्षाला किमान २० एक्मो करावेत, त्यातले १२ तरी श्वसनाचे. कारण हे काम हाताच्या सवयीचं आहे. नळी थरथरायला लागली की नवखा माणूस पंपाचा वेग वाढवतो. कमी करायचा असतो, कारण शिर नळीला चिकटत असते. मग रक्तद्रव कमी आहे का पाहायचं. बाहेर येणारं रक्त परत जाणाऱ्याइतकंच लाल दिसलं की खूश व्हायचं नसतं: दोन्ही नळ्यांची टोकं जवळ आली आहेत आणि तेच रक्त गोल फिरतंय. दर पाळीला टॉर्च लावून मेम्ब्रेनचे कोपरे पाहायचे. काळे ठिपके म्हणजे गुठळ्या. गुठळी होऊ नये म्हणून हेपरिन, आणि हेपरिनमुळे मेंदूत रक्तस्राव, या दोन कड्यांमधून रोज वाट काढायची. वीज गेली आणि बॅटरीही बसली तर पंप हाताने फिरवायचा दांडा असतो. तो कुठे टांगलाय हे पहाटे तीनला शोधून कसं चालेल? वर्षाला तीन रुग्ण करणाऱ्या टीमकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही. त्याच पैशात इथे एबीजीचं मशीन आयसीयूतच बसेल, प्रत्येक खाटेला श्वासनळीतल्या ट्यूबच्या फुग्याचा (कफचा) दाब मोजायचा गेज येईल आणि रात्रपाळीला दोन माणसं वाढतील. योग्य रुग्णाला, योग्य सेंटरला एक्मोचे चार तारे. चुकीच्या रुग्णाला एकही नाही.

हलवण्याचं गणित स्वतंत्र. पुणे २५० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या आसपास. मिनिटाला १२ लिटर, सहा तास, म्हणजे ४,३०० लिटर ऑक्सिजन. वाटेतल्या खोळंब्यासाठी दुप्पट धरा, ८,६००. एक डी टाइप आणि दोन बी टाइप मिळून १०,००० होतात, तेवढं हवं. सीझरमध्येही हलवण्याआधी किंवा वाटेत पाच जण गेले, आणि ती सरावलेली टीम होती. निघण्याआधी अर्धा तास रुग्णाला गाडीच्याच व्हेंटिलेटरवर ठेवून बघा. खाटेवर सॅच्युरेशन टिकत नसेल तर टेंभुर्णीच्या पुढे टिकणार नाही. अशा वेळी सेंटरची टीम इकडे येऊन एक्मो लावून नेईल का ते विचारा, आणि त्याचा खर्च लेखी घ्या.

पैशाबाबत दोनच गोष्टी. महात्मा फुले योजनेचं कवच कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. व्हेंटिलेटरच्या उपचाराला ते आधार देतं, एक्मोच्या बिलाला ते पुरत नाही. हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, पहिल्याच दिवशी गाठा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. आणि पुण्यातलं हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्याला बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो काढायला घरातलं एक माणूस त्याच दिवशी मोकळं ठेवा. वाचल्यानंतरचाही खर्च धरा. कॅनडातल्या एका पाहणीत एआरडीएसमधून उठलेल्यांपैकी वर्षभराने ४९ टक्केच कामावर परतले होते, आणि अडचण मुख्यतः स्नायूंच्या अशक्तपणाची होती. यंत्रमागावर उभं राहून पाळी करणाऱ्याला हे महिने कसे निघणार, ते बिलात लिहिलेलं नसतं.

एक्मो सेंटरला फोन व्हेंटिलेटरच्या दुसऱ्या दिवशीच करायला सांगा, हलवायचं नसलं तरी. पीएफ ५० च्या खाली तीन तास, ८० च्या खाली सहा तास, किंवा रक्ताचा पीएच ७.२५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर सहा तास, हे इओलियाचे निकष होते. ते येण्याची वाट न पाहता. फोनवर पलीकडून विचारतात ते एवढंच: वय, उंची, व्हेंटिलेटरचा कितवा दिवस, पीएफ किती, श्वास किती मिलिलिटरचा, पीप आणि प्लॅटो किती, पालथं किती तास घातलं, लघवी किती होतेय, मेंदूत काही झालंय का. ही माहिती एका कागदावर तयार ठेवायला सांगा आणि एक प्रत स्वतःकडे घ्या. सात दिवस जादा दाबावर काढलेल्या फुप्फुसाला बहुतेक सेंटर नाही म्हणतात, आणि सोलापुरातून फोन जातो तो सहसा आठव्या दिवशी.